स्थानिक इतिहास मंडळे व लहान संग्रहालये, खानदेशातील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत लोकवर्गणी, देणग्या व थोड्याफार सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आणि जुनी कागदपत्रे, पोथ्या, नाणी, मूर्ती किंवा एखाद्या व्यक्तीच्या वापरातील वस्तू सांभाळणाऱ्या संस्था. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगावला, पश्चिमेचे धुळ्याला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जुनी दप्तरे या हद्दी मानत नाहीत. थाळनेरचा कागद जळगावात सापडेल, बुऱ्हाणपूरचा धुळ्यात. म्हणून या नोंदीत खानदेश एकच धरला आहे.

यांतील बहुतेक संस्था एका माणसाच्या छंदातून किंवा ध्यासातून उभ्या राहिल्या. तो माणूस गेल्यावर घरात उरलेल्या ढिगाचे करायचे काय, या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर म्हणजे मंडळ.

धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ हे याचे ठळक उदाहरण. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड १८९८ पासून काढले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे त्या मंडळाशी त्यांचे बिनसले. अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते दप्तरांचे रुमाल, बाडे आणि टिपणांचे कागद. भास्कर वामन भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ जानेवारी १९२७ रोजी, म्हणजे तेराव्याच्याही आधी, मंडळ स्थापन केले. ही घाई अनाठायी नव्हती. राजवाड्यांना मराठवाड्यातील पाटांगण येथे मिळालेली ज्ञानेश्वरीची पोथी १९०९ मध्ये छापून निघाली, पण मूळ पोथीचा पुढे पत्ता लागला नाही. आज अभ्यासकांना छापील पाठावरच वाद घालावा लागतो.

मंडळाने पहिल्या टप्प्यात केलेले काम संग्रहालयाहून अधिक प्रकाशनाचे होते. ‘संशोधक’ हे त्रैमासिक १९३२ मध्ये सुरू झाले. राजवाड्यांनी जमवलेल्या शब्दांच्या टिपणांतून ‘धातुकोश’ (१९३७) आणि ‘नामादिशब्द-व्युत्पत्तिकोश’ (१९४२) तयार झाले. दोन्हींचे संपादन कृ. पां. कुलकर्णी यांनी केले. व्युत्पत्तींपैकी कित्येक आज कोणी मान्य करणार नाही. तरीही सुट्या कागदांचे ग्रंथ करणे म्हणजे काय, हे पाहायचे तर हे दोन कोश हाताळावेत. पुढे मंडळाने राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत छापले. हस्तलिखिते, जुनी नाणी व मूर्ती यांचा संग्रह याच छपराखाली आहे.

धुळ्यातच श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. ‘मंदिर’ नाव ऐकून नवखा माणूस चपला काढून घंटा शोधतो. आत दैवत म्हणून पोथ्याच आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, रामदासी मठांतून पोथ्या मिळवल्या, आणि डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून दासबोध छापला. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत येथेच आहे. देव गावोगावच्या मठपतींकडे भाविक म्हणून गेले आणि पोथी घेऊन परतले. संशोधक म्हणून गेले असते तर दारे तितकी उघडली असती का, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

कामाचे स्वरूप. दप्तर मिळवणे हे सर्वांत अवघड काम. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांच्या घरांत मोडी कागद असतात, पण ते बाहेर काढायला घर धजत नाही. एखाद्या कागदात जमिनीचा जुना हिस्सा निघेल आणि भाऊबंद कोर्टात जातील, ही भीती खोटी नसते. म्हणून कागद ‘दान’ की ‘ठेव’, छायाप्रत चालेल का, कोणाला दाखवायचा, हे सुरुवातीलाच लेखी ठरवावे लागते. तोंडी बोलीवर आलेले रुमाल पुढच्या पिढीचा मुलगा परत मागायला येतो, तेव्हा कार्यवाहाकडे दाखवायला काही नसते.

रुमाल आला की नोंद. आवक क्रमांक, देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, पानांची संख्या, लिपी, स्थिती. वस्तूवर तोच क्रमांक. ही वही नसेल तर संग्रह म्हणजे अडगळ. चांगली इमारत असूनही वही नसलेल्या संस्थेत अभ्यासकाला काहीच मिळत नाही. दोन कपाटे आणि नीट वही असलेल्या ठिकाणी प्रबंध उभा राहतो.

मग जतन. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपार जातो. कागद कोरडा होऊन घडीवर तुटतो. लगेच पावसाळ्याची दमट हवा आणि तिच्यासोबत कसर व वाळवी. जुने लोक रुमालात वेखंड, कडुनिंबाची पाने, कधी सापाची कातही ठेवत. मोडीची शाई काजळीची असते. ती उन्हाने सहसा फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते. म्हणून ओल्या फडक्याने पान पुसणे हा गुन्हाच. मऊ ब्रशने धूळ काढावी, आम्लरहित कागदात ठेवावे, चिकटपट्टी कधीही लावू नये. फाटलेल्या पानावर कोणी पारदर्शक चिकटपट्टी लावली असेल तर तिचा पिवळा डाग काढायला तज्ज्ञच लागतो.

मोडी वाचणारे घडवणे हेही मंडळांचेच काम. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी व्यवहारातून मोडी गेली, आणि आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परके झाले. मोडीचे वर्ग, लळिंग व थाळनेरच्या किल्ल्यांवर सहली, शिलालेखांचे ठसे घेणे, व्याख्याने हे उपक्रम यासाठीच. पाटणादेवी परिसरातील शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचे त्यात आले आहे. असा एक ठसा शाळेच्या भिंतीवर असला तरी गणिताच्या तासाला उपयोगी पडतो.

कायदा व आधार. महाराष्ट्रात मंडळाची नोंदणी साधारणतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने होते. पुढे दरवर्षी हिशेब तपासणी. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’. हा रिपोर्ट वेळेवर न भरल्याने अनेक जुन्या संस्थांच्या कागदोपत्री विश्वस्तांत स्वर्गवासी मंडळींची बहुसंख्या असते, आणि मग अनुदानाचा अर्ज तेथेच अडतो. देणगीदाराला प्राप्तिकरात सूट हवी असेल तर ‘ऐंशी-जी’ची मान्यता लागते.

१९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षे. ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. त्यातली किमतीची मर्यादा दहा रुपये! नांगराला लागलेली नाणी मंडळाच्या कपाटात परस्पर ठेवून घेणे म्हणूनच धोक्याचे.

पैशाची दारे मोजकीच. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे, पण तिच्यात संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो आणि तोच बहुतेकांना जड जातो. राष्ट्रीय अभिलेखागार स्वयंसेवी संस्थांना हस्तलिखितांच्या जतनासाठी साहाय्य देते. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने सूची व छायांकनाला चालना दिली. सोबत वाचनालय असेल तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीनुसार अनुदान मिळू शकते. लहान गावात हाच मार्ग खात्रीचा. तांत्रिक सल्ल्यासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुराभिलेख संचालनालय आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलाजतन केंद्र यांच्याकडे जावे.

जळगावकडील वळण निराळे आहे. तेथे उद्योगाचा पैसा आला. जैन हिल्सवरील गांधीतीर्थ २०१२ मध्ये खुले झाले. ३० दालने आणि कागदांच्या जतनाची व संगणकीकरणाची स्वतःची सोय असलेल्या या संस्थेला लहान म्हणता येणार नाही. पण कागद कसा राखावा हे पाहण्यासाठी धुळ्याहून मुंबई गाठण्याआधी येथे एक दिवस घालवावा. जळगावच्या जुन्या गावात चौधरीवाड्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. तेथे घरातली नि शेतातली साधी अवजारे मांडली आहेत, आणि कवितेतला शब्द वस्तूला भेटतो.

चाळीसगावला रेल्वे स्थानकालगत केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेला पारशी माणूस. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी ते दार उघडे ठेवून कोणाची तरी वाट पाहत, असे गावात सांगतात. खरे-खोटे कसेही असो, या कथेमुळे लोक येतात, आणि आल्यावर त्यांची टेबलटॉप छायाचित्रे पाहतात. हे घर त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान सांभाळते.

उणिवा. खानदेशात उत्खनने पुष्कळ झाली : प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ, साक्री तालुक्यातील कावठे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मणी मिळाले. उत्खननातील वस्तू मात्र ते करणाऱ्या खात्याकडे किंवा संस्थेकडे जातात. गावाला अहवाल मिळतो, तोही इंग्रजीत.

दुसरी उणीव बोलीची. कानबाईची गाणी, अहिराणी ओव्या, भिलांच्या कथा कागदावर कधी नव्हत्याच, म्हणून दप्तर शोधणाऱ्यांच्या नजरेतून सुटल्या. बहिणाबाईंच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघाले. त्याआधी जात्यावरच विरलेल्या ओळी किती असतील त्याची गणती नाही. आता मोबाइलवर ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे. त्यालाही तीच वही लागते : गाणारीचे नाव, गाव, तारीख, प्रसंग, तिची परवानगी, आणि क्रमांक.