गाळाचे पाणी आणि पाण्याखालचे रंग

वेसावे, मढ, मनोरी आणि गोराई या मुंबई उपनगरांतील कोळीवाड्यांची मासेमारी शतकांची असली, तरी पाण्याखाली उतरून, मासा डोळ्यांनी हेरून त्याला भाल्याने टिपण्याची रीत तेथे रुजली नाही. याचे कारण कोळ्यांच्या धाडसात किंवा साधनांच्या उणिवेत नसून तेथल्या पाण्यातच आहे. खंबातच्या आखातापासून मुंबईपर्यंतचा समुद्र उथळ आहे, तळ बहुतांशी चिखलाचा आहे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाण्याची पातळी चार ते पाच मीटरांनी वरखाली होते. दिवसातून दोनदा एवढे पाणी खाड्यांतून आत-बाहेर करताना तळाचा बारीक गाळ उचलून नेते आणि तो पुरता खाली बसण्याआधीच प्रवाह उलटतो, त्यामुळे पावसाळा सरल्यावरही येथे पाण्यात बुडी मारणाऱ्याला हाताच्या अंतरापलीकडचे फारसे काही दिसत नाही.

ज्या प्रवाहामुळे पाणी गढूळ होते, त्याच प्रवाहावर येथील मुख्य धंदा उभा राहिला. डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे. त्याचे तोंड समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या समोर उघडे धरतात, तोंडाकडची मोठी आसे (जाळीची भोके) शेपटाकडे बारीक होत जातात, आणि पाण्याबरोबर वाहत आलेला बोंबील, जवळा, मांदेली, वाकटी असा माल शेपटात साठत राहतो. भरती किंवा ओहोटीचा जोर ओसरून पाणी उलटण्यापूर्वीच जाळे उचलावे लागते. त्यामुळे डोलकराचे पंचांग तिथींचे असते: उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून जाळे भरते, सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग आला की पाणी मंदावते आणि मासळी घटते. या साऱ्या व्यवहारात मासा दिसण्याची गरज कोठेच पडत नाही. उलट पाणी नितळ असते, तर जाळे माशाला दिसले असते. गढूळपणा हा या किनाऱ्याचा दोष मानण्याची शहरी सवय आहे, परंतु डोलकराच्या दृष्टीने ते धंद्याचे भांडवलच ठरते. बोंबीलही अशाच पाण्याला साजेसा आहे: मऊ, फिकट, जवळजवळ पारदर्शक अंगाचा, आतल्या बाजूस वळलेल्या बारीक दातांचा, आणि रंगाचा कोणताही डौल नसलेला.

पूर्वेकडे, मुलुंड-भांडुपपासून घाटकोपरपर्यंतच्या ठाणे खाडीच्या काठावर, तर डोळ्यांचे काम आणखी कमी होते. तिवरांच्या चिखलात बिळात दडलेली चिंबोरी टोकाला वाकवलेल्या लोखंडी सळईने ओढून काढतात. सळई बिळात सारल्यावर टोकाला लागलेली वस्तू दगड आहे, मूळ आहे की कवच, हे हाताला कळावे लागते. भाल्याने केलेल्या शिकारीशी नाते सांगणारे उपनगरांतील हे जवळचे कसब, पण ते सर्वस्वी स्पर्शाचे आहे.

पाण्याखाली पाहून शिकार करण्याचे तंत्र नितळ समुद्राच्या काठी वाढले. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर १९३० च्या दशकात हौशी शिकारी दोन काचांचे जलचष्मे लावून उतरू लागले, गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकाने १९३८ मध्ये या छंदावर पुस्तक लिहिले, आणि त्याच सुमारास डोळ्यांबरोबर नाकही झाकणारा एकाच काचेचा मास्क प्रचारात आला. नाक आत घेण्याला कारण होते: खोल जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि नाकाने मास्कमध्ये हवा सोडता आली नाही, तर तो डोळ्यांवर दाबला जातो. मास्कचे मुख्य काम मात्र वेगळे आहे. डोळ्याचा बाहेरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, हवेतून आलेला प्रकाश वळवतो. पाण्यात ही शक्ती बहुतांशी नाहीशी होते व सर्व धूसर दिसते. मास्कमधील हवा ती परत मिळवून देते, पण सपाट काचेतून मासा प्रत्यक्षाहून सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो व जवळही भासतो, आणि नवशिक्याचा नेम बहुधा त्यामुळेच चुकतो.

आकार असा फसवा, तर रंग त्याहून अधिक. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते. पहिल्या पाच-दहा मीटरांतच तो जवळजवळ संपतो, त्यानंतर नारिंगी व पिवळा क्षीण होतो, आणि नितळ समुद्रात निळा सर्वांत खोल पोहोचतो. मासळीबाजारात लालबुंद दिसणारी तांबोशी म्हणूनच खोल पाण्यात करड्या-काळपट छायेसारखी दिसते, आणि तिचा लाल रंग तेथे लपण्याच्या उपयोगी पडतो. मास्क कितीही चांगला असला, तरी माशापर्यंत न पोहोचलेला तांबडा प्रकाश तो निर्माण करू शकत नाही. रंगीत काच फक्त निळ्या-हिरव्याचा वरचष्मा कमी करते, आणि खरा रंग पाहायचा असेल, तर जवळून विजेरीचा प्रकाश टाकावा लागतो. मुंबईच्या पाण्यात गाळ व कुजलेल्या वनस्पतींतून विरघळलेली द्रव्ये निळ्या प्रकाशालाही अडवतात, त्यामुळे उरतो तो हिरवट-मातकट उजेड.

समुद्राच्या निळाईचा एक महत्त्वाचा शोधलेख मुंबई बंदरातूनच धाडला गेला, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. १९२१ मध्ये ऑक्सफर्डहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 'नार्कुंडा' जहाजाच्या डेकवरून निकोल लोलकाने, म्हणजे पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश वगळता येणाऱ्या स्फटिकाच्या लोलकाने, पाणी पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब वगळल्यावरही निळाई टिकते, किंबहुना अधिक खुलते, असे त्यांना आढळले. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांचा सिद्धांत त्यामुळे डळमळला. पाण्याच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण हे रामन यांचे उत्तर होते, आणि 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पाठवलेल्या त्या पत्रावर मुंबई बंदर व २६ सप्टेंबर ही तारीख आहे. ज्या बंदरात पत्राखाली सही झाली, तेथे ती निळाई मात्र नव्हती.

सामान्य मुंबईकराला पाण्यातले रंग प्रथम भेटले ते १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेआड; मास्क लावून ते पाहण्यासाठी तो पुढे मालवणला जाऊ लागला, जेथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी हिवाळ्यात बरेच नितळ असते आणि जेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाल्याने मास्क हे शिकारीचे नव्हे, तर पर्यटनाचे साधन ठरले. उपनगरांच्या किनाऱ्याला मालवणच्या मापाने मोजणे चुकीचे आहे, कारण येथला गाळ निसर्गाचा आणि फार जुना आहे. नाल्यांचे सांडपाणी व प्लास्टिक ही अलीकडची भर त्याच गढूळपणात लपून जाते, आणि दोन्हींना सरसकट घाण म्हणण्याने खऱ्या प्रदूषणाचा हिशेब मांडायचा राहून जातो. वेसाव्याच्या डोलीच्या शेपटातून आता बोंबलाबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही निघतात, आणि माल निवडण्याआधी त्या वेचून बाजूला काढाव्या लागतात.