मुळशीतील बेपत्ता स्त्रीचा शोध: शिवेवरच्या मागापासून मिसिंगच्या नोंदीपर्यंत

पौड, मुठे आणि मोसे ही मुळशी तालुक्यातील खोरी जुन्या मावळात मोडतात. पेशवाईच्या अखेरपर्यंत इथला बंदोबस्त गावाच्याच हाती असे. पाटील जबाबदार, मदतीला चौगुला आणि कुलकर्णी, तर प्रत्यक्ष राखणीला वेसकर महार आणि रामोशी. गावात कोण परका आला, रात्री वेशीबाहेर कोण गेले, कोणाचे वागणे संशयाचे आहे, हे वेसकराला ठाऊक असलेच पाहिजे अशी अपेक्षा होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 मध्ये लिहिलेल्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तिथल्या राखणदाराने तो पुढे न्यायचा, आणि ज्या गावात तो तुटेल त्या गावाने भरपाई द्यायची.

या व्यवस्थेत भरपाई होती ती मालमत्तेची. घरातून नाहीशी झालेली लेक किंवा सून त्या हिशेबात बसत नसे. तिच्याबाबत पहिला प्रश्न निघे तो चारित्र्याचा. शिंदळकीच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपावरून स्त्रीला सरकारी कुणबीण, म्हणजे दासी, केल्याच्या किंवा किल्ल्यावर कैदेत ठेवल्याच्या नोंदी पेशवेकालीन कागदपत्रांत आहेत. कुणबिणींची खरेदी-विक्रीही उघड चाले. दूरच्या मुलखात विकली गेलेली मुलगी माहेराला कायमची अंतरे आणि तिच्या नावाने शोध निघत नसे. गुलामीला असलेला कायद्याचा आधार 1843 मध्ये संपला. पानिपतावर दिसेनासे झालेल्या सदाशिवरावभाऊंची आठवण मात्र महाराष्ट्राने जपली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी 1783 मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य पत्करले नाही, आणि भाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या तोतयाने राज्य हादरवले. बेपत्ता पुरुषाला इतिहासात एवढी जागा मिळाली. त्याच काळात हरवलेल्या स्त्रिया खरेदीखतात आणि दंडाच्या नोंदीत उरल्या, त्याही बहुधा फक्त नावापुरत्या.

भारतीय दंड संहिता 1862 पासून लागू झाली आणि स्त्रीला पळवून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तरी कायद्याची नजर ती कोणाच्या ताब्यातून गेली याकडेच राहिली. कलम 361 मध्ये अज्ञान मुलीला पालकाच्या ताब्यातून नेणे गुन्हा होते. मुलीच्या वयाची मर्यादा आधी 16 होती, 1949 मध्ये ती 18 झाली. कलम 498 प्रमाणे विवाहितेला वाईट हेतूने फूस लावून नेणे हा गुन्हा होता आणि त्यात अन्याय झालेला पक्ष नवरा मानला जाई. व्यभिचाराचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केले, पण फूस लावण्याचे कलम टिकून राहिले. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम 84 म्हणून आहे.

गावची राखणदारीही याच काळात बदलत गेली. मुंबई ग्राम पोलीस अधिनियम 1867 ने पाटलाला सरकारी चौकटीत बसवले. माग तुटलेल्या गावाने भरपाई देण्याची रीत मागे पडली आणि तपास ठाण्याकडे गेला. स्वातंत्र्यानंतर वतने खालसा झाली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 प्रमाणे नेमणुकीचा पोलीस पाटील आला. आज गावातली खबर ठाण्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याचेच.

मुळशीत गावच्या राखणदारीला आणखी एक घाव बसला. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी होते. लढा 1924 पर्यंत चालला, तरी धरण झालेच. नीला आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातील सुमारे 50 गावांची जमीन पाण्याखाली गेली किंवा बाधित झाली, आणि माणसे पांगली. एकमेकांच्या पिढ्या ओळखणाऱ्या गावांची साखळी तुटली आणि तिच्या जागी निर्मनुष्य किनाऱ्यांचा मोठा जलाशय आला. ताम्हिणी घाटात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दऱ्या खोल, झाडी दाट आणि काही पट्ट्यांत मोबाइलची रेंजही नाही. बाहेर गुन्हा करून मृतदेह या भागात टाकल्याच्या घटना त्यामुळेच घडल्या आहेत. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडीची आयटी वसाहत वाढली तसे लाखो परगावचे लोक भाड्याच्या खोल्यांत आले. पश्चिमेला रिसॉर्ट आणि बंगले उभे राहिले. शेजारी राहणाऱ्या मुलीचे नाव माहीत नसणे ही तिथे रोजची गोष्ट झाली. पोलिसी हद्दही विभागली गेली आहे. पौड ठाणे पुणे ग्रामीणकडे, तर हिंजवडी 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे.

आजच्या शोधाची सुरुवात ठाण्यात मिसिंग, म्हणजे व्यक्ती हरवल्याची नोंद, दाखल करण्यापासून होते. इथे वयाची रेघ निर्णायक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला की बालक हरवल्याची प्रत्येक तक्रार प्रथम खबर अहवाल म्हणून नोंदवावी आणि अपहरण गृहीत धरून तपास व्हावा. सतरा वर्षांच्या मुलीबाबत म्हणूनच लगेच गुन्हा दाखल होतो. एकोणीस वर्षांची मुलगी गेली तर फक्त नोंद होते, कारण सज्ञान व्यक्तीला घर सोडण्याचा अधिकार आहे. हा अधिकार मोलाचाच आहे. मनाविरुद्धच्या लग्नातून किंवा मारहाणीतून सुटण्याचा तोच मार्ग असतो. मात्र त्याच्याच आडोशाने ‘गेली असेल कोणाबरोबर’ हे जुने उत्तर ठाण्यातही आणि घरातही पुन्हा दिले जाते, आणि पहिले दिवस वाया जातात. मोबाइलचे टॉवर लोकेशन आणि सीसीटीव्ही चित्रण यांचा उपयोग याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. अनेक कॅमेऱ्यांतले चित्रण तर थोड्या दिवसांत आपोआप पुसले जाते.

संसदेत 2023 मध्ये दिलेल्या माहितीनुसार 2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रातून 18 वर्षांवरील 1,78,400 स्त्रिया आणि 13,033 मुली बेपत्ता झाल्याच्या नोंदी झाल्या. यांतील पुष्कळ जणी परततात किंवा सापडतात. उरलेल्यांचा शोध हाच खरा प्रश्न, आणि तो बेवारस मृतदेहांच्या नोंदींशी जोडलेला आहे. अकस्मात मृत्यूची नोंद एका ठाण्यात आणि मिसिंग दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर दोन्ही जुळवणारा अधिकारी लागतो. डीएनए तपासणीने ओळख पटते, पण नातेवाइकांचे नमुने आधी घेतलेले हवेत.

मृतदेह मिळाला नाही म्हणून खटला उभा राहत नाही, असे मात्र नाही. नवी मुंबईतील एक महिला सहायक पोलीस निरीक्षक 2016 मध्ये बेपत्ता झाली. आधी मिसिंग, मग 2017 मध्ये अपहरणाचा गुन्हा, त्यानंतर खुनाचा आरोप असा तो तपास सरकला. मृतदेह कधीच सापडला नाही, तरी पनवेलच्या न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये मुख्य आरोपीला, जो स्वतः पोलीस निरीक्षक होता, जन्मठेप दिली. पोलीस खात्यातील स्त्रीच्या कुटुंबालाही यासाठी नऊ वर्षे झगडावे लागले.

तपास लागलाच नाही तर कुटुंबापुढे दोन वाटा असतात. धर्मशास्त्रात बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी सांगितला आहे. कायद्यात मुदत सात वर्षांची आहे: साक्ष अधिनियम 1872 चे कलम 108, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 111. ज्यांना सहज खबर लागली असती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर ती व्यक्ती हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. मृत्यू नेमका कधी झाला याचे गृहीतक यातून निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये विमा महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले. या आधाराने विमा आणि वारसा मिळतो, पुनर्विवाहाची वाट मोकळी होते. गुन्हा दाखल असेल आणि आरोपी सापडला नसेल, तर पोलीस न्यायालयाकडे ‘अ समरी’ मागतात, म्हणजे प्रकरण खरे पण तपास न लागलेले. नवा पुरावा आला तर ते पुन्हा उघडता येते. गुन्हाच दाखल झाला नसेल तर ही समरीही नसते आणि ठाण्याच्या रजिस्टरात मिसिंगची एक ओळ तेवढी राहते.