मेळ, रोजकीर्द आणि ताळा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि सायंकाळी वावटळ सुटली की पुष्कळदा वीज जाते. अशाच एका सायंकाळी आमच्या घरचा सर्व्हर एकाएकी बंद पडला. शाळेची वीस वर्षांची छायाचित्रे त्यावर साठवलेली होती. वीज आल्यावर तो सुरू झाला, पण फाइलव्यवस्था बिघडली आहे, दुरुस्ती करू का, असे विचारू लागला. ‘हो’ म्हणण्याआधी आम्ही थांबलो. ही दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे तिच्या इतिहासावरून कळते.

डिस्कवर फाइलींचा मजकूर असतो, तशाच हिशेबाच्या नोंदीही असतात : कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, कोणती जागा रिकामी. एक फाइल साठवताना अशा अनेक नोंदी बदलाव्या लागतात. इतवारीतल्या एखाद्या पेढीवर एका खात्यावर नावे लिहिले आणि दुसऱ्यावर जमा लिहायच्या आत दिवे गेले, तर काय होईल? खतावणी जुळणार नाही. डिस्कचेही तसेच होते.

1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची सुरुवात केली. तिच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारा ‘एफएससीके’ हा प्रोग्राम टेड कोवाल्स्की यांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिला. तो सगळ्या नोंदींचा मेळ घालतो. ज्या फाइलींचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांना क्रमांक देऊन ‘लॉस्ट अँड फाउंड’ या कप्प्यात टाकतो. मात्र मेळ जमावा म्हणून तो काही नोंदी खोडतोही. वही जुळते; माल मिळेलच असे नाही.

डिस्क मोठ्या झाल्या तसे या तपासणीला तासन्‌तास लागू लागले. त्यावरचा उपाय आपल्या जुन्या दफ्तरांना ठाऊक होता : रोजकीर्द. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमाल आजही आहेत. काय बदलायचे ते आधी रोजकीर्दीत लिहायचे, मग खतावणीत. वीज गेलीच, तर रोजकीर्दीचे शेवटचे पान पाहून पुरी नोंद अमलात आणायची आणि अपुरी सोडून द्यायची. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत 1990 मध्ये ही सोय आली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी 1998 मध्ये तिची मांडणी केली आणि 2001 मध्ये ती मूळ लिनक्समध्ये दाखल झाली. परंतु सर्व काही दोनदा लिहिणे वेळखाऊ असल्याने बहुधा हिशेबाच्या नोंदीच रोजकीर्दीत जातात. मजकूर जात नाही.

आणि डिस्कनेच चुकीचे अक्षर परत दिले तर? जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स व सन कंपनीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘झेडएफएस’ 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा ताळा वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असतो. वाचताना ताळा जुळला नाही आणि दुसरी प्रत असली, तर तीवरून तुकडा दुरुस्त होतो. प्रत एकच असेल, तर चूक झाली एवढेच कळते.

म्हणून आम्ही ‘नाही’ असे उत्तर दिले. डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल पाहिला, तर तिचे काही भाग वाचताच येत नव्हते. रोजकीर्द होती, पण कागदच फाटलेला! अशा डिस्कवर दुरुस्ती चालवली असती, तर होते तेही गेले असते. आम्ही जेवढे वाचता आले तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवले. त्या नकलेची आधी काहीही न बदलता तपासणी केली आणि मग तिच्यावरच दुरुस्ती चालवली. बहुतेक छायाचित्रे मिळाली. एका निरोप समारंभाची मात्र अर्धीच उरली. त्यांची नक्कल दुसरीकडे कोठेही नव्हती.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. दोघा विद्यार्थ्यांना जमाखर्च लिहायला सांगावे, एकाला रोजकीर्दीसह, दुसऱ्याला तिच्याशिवाय. मध्येच दोघांच्या पेन्सिली काढून घ्याव्यात आणि हिशेब कोण सावरू शकतो ते पाहावे. मग दोघांच्याही वह्या लपवून ठेवाव्यात. नक्कल कशासाठी हवी, हे मुलेच सांगतील.