मास्टरमधली देवनागरीची ओळ

नव्या नोकरीत पहिलं प्रेझेंटेशन करताना एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला चक्रावते. कोपऱ्यातला लोगो हलत नाही. क्लिक करा, डिलीट दाबा, ढिम्म. कारण तो तुमच्या स्लाइडवर नसतोच, मागच्या स्लाइड मास्टरवर असतो. शीर्षक कुठे बसणार, मजकूर किती पॉइंटचा, निळा म्हणजे नेमका कोणता निळा, हे सगळं तिथे आधीच कोणीतरी ठरवून गेलेलं असतं.

हे ठरवणं पूर्वी कागदावर होतं. 1975 साली नासाने डॅन अँड ब्लॅकबर्न या न्यूयॉर्कच्या स्टुडिओचा लोगो स्वीकारला. सलग वळणांची लाल अक्षरं, ज्यांना लोक 'वर्म', म्हणजे अळी, म्हणू लागले. लोगोसोबत एक ग्राफिक्स स्टँडर्ड्स मॅन्युअलही आलं. पानं घालता-काढता येतील अशा रिंग बाइंडरमध्ये लेटरहेडपासून मोटारी, विमानं आणि थेट स्पेस शटलपर्यंत प्रत्येक ठिकाणी काय कसं दिसावं याचे नियम होते. (ती अळी 1992 मध्ये निवृत्त केली गेली आणि 2020 मध्ये रॉकेटवर बसून परत आली. डिझाइनच्या जगात कोणी कायमचं रिटायर होत नाही.) पण मॅन्युअल कितीही देखणं असलं, तरी ते उघडायचं की नाही हे टेबलावरच्या माणसाच्या हातात होतं.

1987 मध्ये फोरथॉट या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आणलं. कल्पना रॉबर्ट गॅस्किन्सची, प्रोग्रॅमिंगमध्ये मोठा वाटा डेनिस ऑस्टिनचा. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती, आणि तिचं मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्याचं होतं. ज्या कामासाठी आर्ट डिपार्टमेंटची मनधरणी करावी लागे, ते आता मॅनेजर स्वतः करू लागले. साहजिकच प्रत्येकाची स्लाइड वेगळी दिसू लागली आणि ब्रँड सांभाळणाऱ्यांची झोप उडाली.

माझ्या मते बाइंडर खऱ्या अर्थाने सॉफ्टवेअरमध्ये शिरला तो 2007 च्या आवृत्तीत. थीम आल्या, मास्टरखाली स्वतःचे लेआउट बनवता येऊ लागले आणि फाइल पीपीटीएक्स झाली. ही फाइल म्हणजे खरंतर झिप असते. एखाद्या प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा, उघडा, आत पीपीटी आणि त्यात थीम नावाचं फोल्डर सापडेल. तिथल्या एक्सएमएलमध्ये अख्खं मॅन्युअल साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. रंग वर, फॉन्ट खाली.

फॉन्टच्या तीन मुख्य जागा असतात: लॅटिन, पूर्व आशियाई आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'. आपण तिसऱ्या खणात. त्याखाली लिप्यांची यादी येते, आणि त्या यादीत एक ओळ असते: स्क्रिप्ट 'देवा', टाइपफेस 'मंगल'.

मंगल हा र. कृ. जोशींचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलेले सुलेखनकार आणि मराठी कवी. विंडोज 2000 सोबत हा फॉन्ट आला आणि असंख्य लोकांनी पडद्यावर युनिकोड मराठी पहिल्यांदा वाचली ती त्यांच्या अक्षरांत. जोशी 2008 मध्ये गेले, पण ती ओळ तशीच राहिली.

मंगलबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कोणीच न पाहिलेल्या त्या ओळीबद्दल. मी ज्या टेम्प्लेटवर काम केलं, त्याच्या गाइडलाइनमध्ये लॅटिन फॉन्टच्या चार वजनांवर पानंच्या पानं होती. देवनागरीवर एक शब्द नव्हता. आणि त्याच टेम्प्लेटमध्ये कारखान्यातल्या कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण मराठीतून व्हायचं होतं.

मंगलच्या ओळीला वर-खाली भरपूर जागा लागते. त्यामुळे इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर मावत नाही, आणि ऑटोफिट गुपचूप अक्षरं लहान करतं. म्हणजे 'मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका' हे वाक्य, ज्याला ते वाचायची खरी गरज आहे त्याच्यासाठी, इंग्रजीपेक्षा बारीक. ओळींमधलं अंतर ठरावीक पॉइंटांवर बांधलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. भरीला विंडोज 10 पासून मंगल ऐच्छिक फॉन्टांमध्ये गेला आहे, त्यामुळे एकच फाइल दोन कॉम्प्युटरांवर दोन तऱ्हांनी दिसू शकते.

उपाय अगदीच साधा निघाला. मनातून मला मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' हवा होता, पण प्रत्येक मशीनवर फॉन्ट टाकायला आयटी तयार नव्हतं. म्हणून विंडोजसोबतच येणारा 'निर्मला यूआय' त्या ओळीत लिहिला. मराठीसाठी दोन वेगळे लेआउट केले, चौकट उंच ठेवली, ऑटोफिट बंद केलं. मजकूर मावला नाही तर दुसरी स्लाइड घ्या, अक्षर लहान करू नका, असं प्लेसहोल्डरच्या सूचनेतच मराठीत लिहिलं.

गाइडलाइनच्या पीडीएफमध्ये देवनागरीचं पान घालावं म्हणून ब्रँड टीमला ईमेल केलाय. इंग्रजीत, कंपनीच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये. उत्तर अजून आलेलं नाही. प्रशिक्षण मात्र नव्या लेआउटवर सुरू झालं आहे.