रक्तातला आकडा आणि बार्शीची नोंदवही

हल्ली मोबाईल उघडला की फुल बॉडी चेकअपची जाहिरात दिसतेच. रक्त द्या, कॅन्सरचा धोका ओळखा, असा सूर असतो. आज बघू की पोटाच्या कॅन्सरचा धोका सांगणारा रक्तातला आकडा आला कुठून, आणि त्याचा आपल्या बार्शीशी काय संबंध.

१८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठरातलं पेप्सिन शोधलं. त्याचं कच्चं रूप म्हणजे पेप्सिनोजेन. ते थोडं रक्तातही उतरतं. त्याचे दोन प्रकार. पहिला मुख्यतः जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात बनतो, दुसरा जवळपास सगळ्या जठरात. वर्षानुवर्षं सूज राहून आतलं अस्तर झिजलं, की पहिला घटतो, दुसरा तितका घटत नाही. जपानमध्ये यावरून चाचणी उभी राहिली. पहिला ७० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर किंवा त्याहून कमी आणि दोघांचं गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल, तर एंडोस्कोपी करायची. म्हणजे बघा, हा आकडा कॅन्सर दाखवत नाही, झिजलेलं अस्तर दाखवतो.

ही सूज बहुतेक वेळा एका जंतूमुळे येते, हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरेन आणि मार्शल यांनी तो शोधला. पुढे मार्शलनी तो स्वतः पिऊन पाहिला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता गंमत अशी की हा जंतू भारतात भरपूर लोकांच्या पोटात आहे, पण पोटाचा कॅन्सर जपानच्या मानाने फारच कमी.

कमी आहे हे कळलं कसं? कुणीतरी मोजलं म्हणून.

मुंबईत कॅन्सरची नोंदणी १९६३ पासून होती. पण खेड्यांचं काय? गावाकडे माणूस दवाखान्यात न जाताच गेला, तर त्याची नोंद होणार कुठे? म्हणून १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, म्हणजे आपल्या जामखेडच्या अगदी शेजारचा मुलूख. इथले कार्यकर्ते दवाखान्यात बसून पेशंटची वाट बघत नव्हते. ते गावोगाव जायचे, जाणत्या लोकांना विचारायचे, कुणाला काही लक्षण दिसतंय का, आणि त्या माणसाला तपासणीला यायला तयार करायचे.

ही मोजणी का महत्त्वाची? साधं गणित करू. समजा, १ लाख लोकांत १० जणांना आजार आहे. चाचणीने त्यातले ८ पकडले आणि निरोगी लोकांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून धोका सांगितला. ५ टक्के म्हणजे जवळजवळ ५,००० माणसं! खरे ८, आणि घाबरलेले ५,०००. आजार जिथे जास्त, तिथे हीच चाचणी कामाची ठरते. चाचणी तीच, पण गाव बदललं की रिपोर्टचा अर्थ बदलतो.

आणि चाचणीने जीव वाचतात का, हेही मोजूनच कळतं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. या चाचणीमागे असा पुरावा उभा आहे. तपासणी न मिळालेल्या बायकांबद्दल पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ते ६४ आकडे नव्हते, कुणाच्या तरी आया होत्या.

तेव्हा आई-बाबांसाठी पॅकेज बुक करण्याआधी एक प्रश्न विचारा: हा आकडा आपल्यासारख्या माणसांत कुणी तपासलाय का? आणि वजन उगाच घटतंय, घास अडकतोय, शौचाला काळी होतेय, असं काही असेल तर पॅकेज राहू द्या, सरळ डॉक्टरांकडे न्या. तिथे रक्तातल्या आकड्यापेक्षा एंडोस्कोपी जास्त सांगते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.