कंबोडियाच्या पाठ्यपुस्तकातील कोरे पान

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे तुओल स्लेंग नावाचे एक संग्रहालय आहे. १९७५ पूर्वी ती माध्यमिक शाळा होती. ख्मेर रूज राजवटीने तिच्या वर्गांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या आणि ‘एस-२१’ या सांकेतिक नावाने तेथे तुरुंग चालवला. सुमारे १४ ते १८ हजार माणसे तेथे आणली गेली. त्यांतून जिवंत सुटलेले अगदी मोजके. या तुरुंगाचा प्रमुख डुच हा पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक होता.

जगभरचे प्रवासी हे संग्रहालय पाहून अंतर्मुख होऊन बाहेर पडतात. त्याच शहरात शाळेत जाणाऱ्या मुलांना मात्र १९९० नंतरची बरीच वर्षे हा इतिहास जवळजवळ शिकवलाच गेला नाही. आजचा धागा या मौनाविषयी.

कम्युनिस्ट राजवटींतील अत्याचार शाळांतून का वगळले जातात, असा प्रश्न अनेक तरुण वाचकांना पडतो. त्याचे तयार उत्तरही समाजमाध्यमांवर फिरत असते : डाव्या विद्वानांनी ते दडपले. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. १९७५ नंतर थायलंडच्या सीमेवर पोहोचलेल्या निर्वासितांच्या कहाण्यांवर पाश्चात्त्य देशांतील काही डाव्या अभ्यासकांनी उघड अविश्वास दाखवला होता. परंतु कंबोडियाच्या पाठ्यपुस्तकाचा प्रवास पाहिला, की हे उत्तर फारच तोकडे आहे असे दिसते.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नॉम पेन्ह जिंकले आणि काही दिवसांतच सुमारे २० लाख लोकांचे ते शहर रिकामे केले. रुग्णालयांतील रुग्णांनाही रस्त्यावर चालत निघावे लागले. चलन, बाजार, टपाल, देवळे, शाळा सारे बंद झाले. हेक्टरी ३ टन भाताचे लक्ष्य ठरले. ते पुरे झाल्याचे खोटे आकडे वर जात राहिले, भात सरकारी कोठारांत जात राहिला, आणि पिकवणारे पेजेवर जगत उपाशी मरत राहिले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने राजधानी घेईपर्यंत, म्हणजे चार वर्षांहूनही कमी काळात, सुमारे ८० लाखांच्या देशात १७ ते २० लाख माणसे उपासमार, रोग, अतिश्रम आणि हत्या यांनी मेली. चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी वंशाचे नागरिक यांना तर वेचून मारण्यात आले.

(आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या राजवटीच्या शिरोभागी असलेल्यांपैकी कित्येक जण शिक्षक होते. पॉल पॉट स्वतः एका खासगी शाळेत फ्रेंच, इतिहास आणि भूगोल शिकवत असे. शाळा म्हणजे काय आणि तिच्यात काय घडते, हे ठाऊक असलेल्या माणसांनीच ती बंद केली.)

आता मुख्य मुद्दा. १९७९ नंतर हा इतिहास शाळेत आला नाही, असे नाही. तो आला, आणि फार मोठ्या आवाजात आला. व्हिएतनामच्या पाठिंब्याने आलेल्या नव्या सरकारने प्राथमिक शाळेच्या वाचनपुस्तकांतही ख्मेर रूजच्या क्रौर्याची वर्णने घातली. २० मे हा दिवस रोष जागता ठेवण्यासाठी पाळला जाऊ लागला. मात्र या धड्यांत एक अडचण होती. नवे सरकार स्वतःही कम्युनिस्टच होते. त्याचे हेंग साम्रिन, चिआ सिम, हुन सेन हे नेते एके काळी ख्मेर रूजमध्येच अधिकारी होते आणि तेथील अंतर्गत शुद्धीकरणाची कुऱ्हाड आपल्यावर पडू लागल्यावर व्हिएतनामकडे निघून गेले होते. त्यामुळे धड्यात दोष पक्षाला नव्हता, विचारप्रणालीला तर नव्हताच. दोष होता ‘पॉल पॉट–येंग सारी टोळी’ला. क्रांती शुद्ध, काही माणसे तेवढी दुष्ट. गावातील ज्या सामान्य कार्यकर्त्याने शेजाऱ्याला पकडून नेले, तो या कथेत कोठेच नव्हता.

वगळणे दोन प्रकारचे असते. एकात घटनाच गाळली जाते, दुसऱ्यात घटना ठेवून तिचे कारण गाळले जाते. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण वाचणाऱ्याला आपल्याला सगळे सांगितले गेले आहे असे वाटते.

या काळात बाहेरचे जग काय करत होते? चीन ख्मेर रूजचा पाठीराखा होता. व्हिएतनाम, आणि त्यामागचा सोव्हिएत संघ, बळावू नये म्हणून अमेरिका आणि आग्नेय आशियातील तिचे मित्रदेशही पदच्युत राजवटीच्याच बाजूने उभे राहिले. परिणामी १९७९ नंतरही संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा ख्मेर रूजकडे, आणि १९८२ पासून त्याचा समावेश असलेल्या आघाडीकडे, राहिली. भारताने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या सरकारला मान्यता दिली, पण कम्युनिस्ट गटाबाहेरच्या देशांत असे करणारा तो जवळजवळ एकटाच होता. म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या गुन्ह्यांवर पांघरूण घालण्यात कम्युनिस्टविरोधी सत्तांचाही वाटा होता. ‘डाव्यांनी दडपले’ हे सरळसोट उत्तर येथेच कोसळते.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे शांतता करार झाला. ख्मेर रूज हा त्यावर सही करणाऱ्यांपैकी एक पक्ष होता. त्यामुळे करारात ‘वंशसंहार’ हा शब्द नाही. भूतकाळातील निंद्य धोरणे आणि प्रथा, अशा गुळमुळीत भाषेवर काम भागवले गेले. पाठोपाठ शाळेतील धडेही गेले. कारण सांगितले गेले ते राष्ट्रीय समेटाचे, आणि ते कारण केवळ सबब होते असे मी म्हणणार नाही. ज्या वर्गात एका बाकावर मारणाऱ्याचा मुलगा आणि शेजारच्या बाकावर मारल्या गेलेल्याची नात बसते, तेथे खडू हातात घेऊन उभे राहणे सोपे नसते. शिवाय जंगलात ख्मेर रूजचे सशस्त्र सैनिक अजून होतेच.

१९९६ साली येंग सारी सरकारला येऊन मिळाला आणि त्याला राजाची माफी मिळाली. एप्रिल १९९८ मध्ये पॉल पॉट मेला. त्याच वर्षाच्या अखेरीस नुऑन चिआ आणि ख्यू सांफान शरण आले, तेव्हा पंतप्रधान हुन सेन यांनी खड्डा खणून भूतकाळ त्यात पुरून टाकावा, अशा अर्थाचे उद्गार काढले. १९७९ साली ज्यांच्या सत्तेचा सारा आधार हा भूतकाळ होता, त्यांनीच वीस वर्षांनी तो पुरायला काढला. गुन्हे तेच राहिले, फक्त त्यांची राजकीय उपयुक्तता संपली.

पुढचा प्रसंग तर प्रहसन वाटावा असा. या शतकाच्या आरंभी बारावीच्या नव्या पुस्तकात आधुनिक इतिहास पुन्हा आला. पण १९९३ च्या निवडणुकीत राजनिष्ठ फुन्सिनपेक पक्ष विजयी झाल्याचा उल्लेख त्यात नव्हता. पक्षाने तक्रार केली आणि २००२ साली पुस्तक मागे घेण्यात आले. वाद एका निवडणुकीचा होता, पण त्यात ख्मेर रूजचा काळही पुन्हा दिसेनासा झाला. लाखो मृतांची बाजू मांडायला कोणताच पक्ष पुढे आला नाही.

परिणाम काय झाला? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मानवाधिकार केंद्राने २००८ साली कंबोडियात पाहणी केली. ख्मेर रूजनंतर जन्मलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी त्या काळाविषयीचे आपले ज्ञान तोकडे किंवा अत्यंत तोकडे असल्याचे सांगितले. घरातील वडीलधारी माणसे झाडाची पाने आणि उंदीर खाऊन जगल्याचे सांगत, तेव्हा पुष्कळ मुलांना ती अतिशयोक्ती वाटे. पुस्तकात नाही, म्हणजे घडलेच नसणार, इतका साधा हा तर्क.

हे कंबोडियापुरतेच घडलेले नाही. नाझी राजवट पराभूत झाली, तिचे दप्तर विजेत्यांच्या हाती लागले, खटले झाले, आणि तरीही जर्मन शाळांत तो इतिहास नीट शिकवला जाण्यास दशके लागली. बहुतेक कम्युनिस्ट राजवटी मात्र अशा पराभूत झाल्या नाहीत. त्या आतूनच बदलल्या, किंवा आजही टिकून आहेत. चीनमध्ये १९५९ ते १९६१ च्या महादुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, आणि तो दुष्काळ ओढवून घेणारा पक्षच आज तेथील पाठ्यपुस्तके मंजूर करतो. सोव्हिएत संघात १९८८ साली तर इतिहासाची शालान्त परीक्षाच रद्द करावी लागली, कारण पुस्तकातील उत्तरे खोटी आहेत हे शासनालाही नाकारता येईना.

कंबोडियात कोंडी फुटली ती सरकारबाहेरून. कंबोडिया दस्तऐवज केंद्र या संस्थेने वर्षानुवर्षे कागदपत्रे, छायाचित्रे आणि साक्षी गोळा केल्या होत्या. २००७ साली खांबोली डी या तरुण कंबोडियन संशोधकाने त्यांवर आधारित पुस्तक लिहिले. सरकारने ते प्रथम पूरक वाचन म्हणूनच स्वीकारले. २००९ पासून मात्र शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने ते माध्यमिक शाळांत पोहोचू लागले आणि शिक्षकांची प्रशिक्षणेही सुरू झाली. त्या शिक्षकांपैकी अनेकांनी तो काळ स्वतः भोगलेला होता. एव्हाना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने विशेष न्यायालयही उभे राहिले होते, आणि २०१० साली डुच दोषी ठरला.

पुढे २०१३ साली ख्मेर रूजचे गुन्हे नाकारणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तो निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी नेत्याच्या एका कथित विधानाचे निमित्त करून झाला, हेही नोंदवायला हवे.

देशाच्या उत्तरेला, थायलंडच्या सीमेलगत, अनलाँग वेंग हे ख्मेर रूजचे अखेरचे ठाणे आहे. पॉल पॉटचे दहन त्याच परिसरात झाले. तेथील शाळा ख्मेर रूजचा सेनानी ता मॉक याने बांधलेली. जुन्या सैनिकांची मुले-नातवंडे तेथे शिकतात. खांबोली डी यांचे पुस्तक त्या शाळेतही वाटण्यात आले.