मालेगावचा आग्रा रोड : मार्ग तोच, क्रमांक निराळा

मालेगाव शहराची ओळख यंत्रमागांमुळे असली, तरी त्याचा कणा म्हणजे शहरातून जाणारा आग्रा रोड होय. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3, अर्थात मुंबई-आग्रा महामार्ग, या नावाने तो दीर्घकाळ सरकारदरबारी ओळखला गेला. 2010 मध्ये केंद्र सरकारने देशभरातील राष्ट्रीय महामार्गांची फेरक्रमवारी केली आणि मालेगावातून जाणाऱ्या या रस्त्याला 60 हा क्रमांक मिळाला. बदल वरवर कागदोपत्री वाटतो. पण त्यामुळे नकाशावरील मालेगावचे स्थानच बदलले आहे.

जुना क्रमांक 3 चा महामार्ग आग्र्याहून निघून ग्वाल्हेर, शिवपुरी, गुणा, देवास, इंदूर असा सेंधव्याच्या घाटाने महाराष्ट्रात उतरत असे. पुढे शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, ठाणे असे टप्पे घेत तो मुंबई गाठी. एकूण लांबी 1161 किलोमीटर. त्यांपैकी 712 किलोमीटर मध्य प्रदेशात आणि 391 किलोमीटर महाराष्ट्रात. नाशिक जिल्ह्यात ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, राहुड घाट, उमराणे, सौंदाणे या क्रमाने तो मालेगावला येतो आणि झोडग्यावरून धुळे जिल्ह्यात प्रवेश करतो. झोडगे येथील माणकेश्वराचे पुरातन शिवमंदिर आणि पुढील लळिंगचा किल्ला पाहिले, की ही वाट ब्रिटिशांच्या पक्क्या सडकेहून किती जुनी असावी, याचा अंदाज येतो.

मालेगावचे महत्त्वही या वाटेशी निगडित आहे. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1740 मध्ये मोसम नदीच्या काठी येथे भुईकोट किल्ला बांधला. 1818 मध्ये किल्ल्यातील अरब शिबंदीने इंग्रजांना निकराची झुंज दिली आणि त्याच वर्षी जून महिन्यात किल्ला पडला. त्यानंतर इंग्रजांनी नदीपलीकडे छावणी वसवली. तो भाग आजही ‘कॅम्प’ याच नावाने ओळखला जातो. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विस्थापित झालेले मोमीन विणकर दक्षिणेकडे आले आणि त्यांतील अनेक कुटुंबे मालेगावात स्थिरावली. हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले. उत्तरेकडून आलेल्या या वस्तीच्या दृष्टीने ‘आग्रा रोड’ हे नाव निव्वळ भौगोलिक राहिलेले नाही.

रेल्वेने मात्र मालेगावला वळसा घातला. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नाशिक, मनमाड, चाळीसगाव असा गेला आणि मालेगावकरांना गाडीसाठी मनमाड गाठणे क्रमप्राप्त झाले. सुमारे पावणेपाच लाख लोकसंख्येच्या, 2001 पासून महानगरपालिका असलेल्या या शहरात अद्याप रेल्वे नाही. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली असून तो मालेगावमार्गे जायचा आहे. तोवर सूत येणे आणि रंगाई-छपाईसाठी कोरे कापड राजस्थानातील पाली, बालोत्रा येथे जाणे, सारे काही सडकेवरच अवलंबून आहे.

फेरक्रमवारीचे सूत्र असे : उत्तर-दक्षिण महामार्गांना सम क्रमांक, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. या हिशेबात 3 हा आकडा थेट उत्तरेला गेला. आज तो अटारीहून अमृतसर, जालंधर, मंडी, मनालीमार्गे लेहला जाणाऱ्या महामार्गाचा आहे. जुन्या रस्त्याचे तुकडे झाले. आग्रा-ग्वाल्हेर 44 मध्ये, ग्वाल्हेर-बियावरा 46 मध्ये आणि बियावरा-इंदूर-धुळे 52 मध्ये विलीन झाला. धुळे-नाशिक हा तुकडा पूर्वीच्या क्रमांक 50 च्या नाशिक-पुणे रस्त्याला जोडून क्रमांक 60 तयार झाला. म्हणजे सरकारी हिशेबाने मालेगाव आता धुळे-पुणे महामार्गावर आहे! त्या महामार्गाचे एक टोक ना आग्र्याला, ना दुसरे मुंबईला.

लोकव्यवहारात याचा फारसा परिणाम झालेला नाही. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, टपालाच्या पत्त्यांवर ‘आग्रा रोड’च आहे. अवजड वाहतूक शहराबाहेरील चौपदरी बाह्यवळणावरून जाऊ लागल्यावर शहरातील रस्त्याला ‘जुना’ हे विशेषण लागले, इतकाच फरक. मनमाड चौफुली, मोसम पूल या खुणा पत्ता सांगताना कुठल्याही क्रमांकाहून अधिक उपयोगी पडतात.

या नावाची गंमत इतरत्रही दिसते. धुळ्याची मुख्य बाजारपेठ आग्रा रोडवरच आहे. इंदूरकर त्याच रस्त्याला ‘ए. बी. रोड’ म्हणतात, आग्रा-बॉम्बे हे त्याचे मूळ रूप किती जणांच्या ध्यानी येत असेल, हा प्रश्नच आहे. मुंबईत शीवपासून ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडला लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव देण्यात आले आणि तेथे ते ‘एल.बी.एस.’ या संक्षेपाने रुळलेही.

क्रमांकाचा घोळ खरा जाणवतो तो कामकाजात. जुन्या दस्तांतील जमिनींच्या चतुःसीमेत ‘रा. म. 3’ असा उल्लेख आढळतो, तर नव्या कागदांत 60. बाह्यवळण झाल्यानंतर ‘महामार्गालगत’ या शब्दाचा अर्थही एक राहिलेला नाही. शहरातील जुन्या रस्त्यालगतची मिळकत आणि बाहेरच्या चौपदरी रस्त्यालगतची मिळकत, दोन्हींच्या मालकांना आपापला आग्रा रोड खरा वाटतो. त्यामुळे खरेदी-विक्रीच्या वेळी गट क्रमांक व मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय केवळ रस्त्याच्या नावावर विसंबणे धोक्याचे ठरते.